छापील बंड : पॉप आर्ट आणि साठच्या दशकातली प्रतिसंस्कृती

साठच्या दशकावरचं कुठलंही सचित्र पुस्तक उघडा. एका पानावर अँडी वॉरहॉलचे सूपचे डबे असतात आणि समोरच्या पानावर केसांत फुलं माळून रस्त्यावर उतरलेली मुलं. दोन पानांमधली शिवण इतकी बेमालूम असते की डबे आणि फुलं एकाच झाडाची, हे वाचक गृहीत धरून टाकतो. पॉप आर्टबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं त्यातही दोनच सूर ऐकू येतात. एकाच्या मते ही बंडखोरांची चित्रकला, दुसऱ्याच्या मते ती बाजाराची भाटगिरी. साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांची छपाई हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्या वाटेनं, म्हणजे कागद, शाई आणि यंत्र यांच्या बाजूनं, मी पॉप आर्टकडे गेले. तिथून पाहिलं तर हे दोन्ही सूर चित्राकडे बघतात, ते चित्र कसं आणि कुठे छापलं गेलं याकडे बघत नाहीत.

आधी तारखा. लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीतल्या 'धिस इज टुमॉरो' या प्रदर्शनासाठी रिचर्ड हॅमिल्टननं आपलं ते प्रसिद्ध कोलाज केलं १९५६ साली. त्यातला पिळदार अंगाचा पुरुष हातात एक अवाढव्य लॉलीपॉप धरून उभा आहे आणि त्यावर 'पॉप' अशी अक्षरं आहेत. पुढच्याच वर्षी एका पत्रात हॅमिल्टननं पॉपच्या लक्षणांची यादी केली : लोकप्रिय, क्षणभंगुर, स्वस्त, तरुण, मादक वगैरे, आणि अखेरीस बडा धंदा. लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत वॉरहॉलचे बत्तीस सूपचे डबे लागले जुलै १९६२ मध्ये. १९६४ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात रॉबर्ट राउशेनबर्गला सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि अमेरिकेतली ही नवी चित्रकला जगमान्य झाली. सॅन फ्रान्सिस्कोत हिप्पींचा तो उन्हाळा आला १९६७ साली. 'प्रतिसंस्कृती' हा शब्द रूढ करणारं थिओडोर रोझॅकचं पुस्तक तर १९६९चं. म्हणजे हिप्पी चळवळीतून पॉप आर्ट आली असं म्हणणं, नातवानं आजोबांना जन्म दिला म्हणण्यासारखं आहे.

पण प्रतिसंस्कृती म्हणजे केवळ १९६७चा उन्हाळा नव्हे. तिच्या आधीची एक पिढी न्यूयॉर्कच्या स्वस्त वस्तीत, लोअर ईस्ट साइडच्या खोल्यांमध्ये, कविता लिहीत आणि स्वतःच छापत बसली होती. पॉप आर्टचं खरं लागेबांधे तिच्याशी आहेत. ते समजायचे तर छपाईचं तंत्र जरा तपशिलात पाहावं लागतं.

वॉरहॉलनं ते बत्तीस डबे हातानं रंगवले होते. प्रत्येक डबा वेगळ्या चवीच्या सुपाचा. रेशमी पडद्याची छपाई, जिला आपण सरळ स्क्रीन प्रिंटिंग म्हणतो, ती त्यानं हाती घेतली ऑगस्ट १९६२ मध्ये. त्याच महिन्याच्या ५ तारखेला मेरिलिन मन्रो गेली आणि तिच्या एका प्रसिद्धी-छायाचित्रावरून केलेली चित्रं या तंत्राची ओळखच होऊन बसली. तंत्र अगदी साधं आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पिशव्या, गणेश मंडळांचे टी-शर्ट छापणाऱ्यांकडे ते आजही गल्लीबोळांत पाहायला मिळतं. लाकडी चौकटीवर बारीक विणीचं कापड ताणायचं, शाई जिथे उतरायला नको तिथली छिद्रं बुजवायची, वर शाई घालायची आणि रबरी पट्टीनं ती एका दमात ओढायची. शाई जास्त झाली की फरकाटा, कमी पडली की चेहरा पुसट. मेरिलिनच्या जोडचित्रात पन्नास चेहरे आहेत. डावीकडचे पंचवीस भडक रंगांत, उजवीकडचे पंचवीस काळ्या शाईत, आणि ते काळे चेहरे कुठे बरबटतात तर कुठे विरून जातात. चांगला छपाईवाला असे कागद रद्दीत टाकतो. वॉरहॉलनं ते कॅनव्हासवर ठेवले.

या तंत्राला अमेरिकेत आधीचा इतिहास आहे. मंदीच्या काळात बेकार कलावंतांना सरकारी पगारावर काम देणारी जी योजना निघाली, तिच्या न्यूयॉर्क शाखेत अँथनी व्हेलोनिस यानं तिसाच्या दशकाच्या अखेरीला हे धंदेवाईक तंत्र चित्रकारांना शिकवलं. कलादालनांत त्याला मान मिळावा म्हणून पुढे 'सेरिग्राफ' असं भारदस्त नावही देण्यात आलं, म्हणजे दुकानाचा वास जावा. वॉरहॉलनं नेमका तो वास परत आणला. त्याला तो परका नव्हता. १९४९ साली न्यूयॉर्कला आल्यापासून तो बुटांच्या जाहिराती काढत होता आणि त्या धंद्यात त्याचं नाव होतं.

आता सायक्लोस्टाइल. टंकलेखन यंत्राची फीत काढून मेणकागदाच्या स्टेन्सिलवर अक्षरं ठोकायची, अक्षराच्या जागी मेण फाटतं, तिथून शाई कागदावर उतरते. म्हणजे सायक्लोस्टाइल आणि रेशमी पडदा ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींत शाई एका भोकातून ढकलली जाते. दोन्हींना मोठं यंत्र लागत नाही, खिळे जुळवणारा लागत नाही, भांडवल लागत नाही. एक टेबल, चार मित्र आणि हात काळे करून घेण्याची तयारी एवढं पुरतं. कला-इतिहासाची पुस्तकं पडद्याबद्दल लिहितात, साहित्येतिहासाची पुस्तकं सायक्लोस्टाइलबद्दल, आणि दोन्ही एकाच काळात, एकाच शहरात, एकाच माणसांच्या हाताखाली होती हे राहून जातं.

ही माणसं कोण? वॉरहॉलनं जून १९६३ मध्ये जेरार्ड मलांगा या तरुणाला मदतनीस म्हणून ठेवलं. ताशी सव्वा डॉलर, म्हणजे त्या वेळचं किमान वेतन. कापडावर पडद्यानं छपाई करण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता, म्हणून तो कामाचा. पण तो कवी होता. कवींच्या वाचनांना, छोट्या अंकांच्या संपादकांकडे वॉरहॉलची जी ये-जा झाली ती बरीचशी त्याच्यामुळे. त्याच वर्षी टेड बेरिगन या कवीच्या 'सी' नावाच्या सायक्लोस्टाइल नियतकालिकासाठी वॉरहॉलनं मुखपृष्ठ केलं. त्यावर कवी आणि नृत्यसमीक्षक एडविन डेन्बी आणि मलांगा यांची छायाचित्रं पडद्यानं छापली होती. आतली पानं सायक्लोस्टाइल, वरचं पान पडद्याचं. दोन भावंडं एकाच स्टेपलच्या पिनेत. एड सँडर्स या दुसऱ्या कवीच्या नियतकालिकासाठीही (त्याचं नाव दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही) वॉरहॉलनं मुखपृष्ठ केलं, आणि सँडर्सनं १९६५ मध्ये 'पीस आय' हे पुस्तकांचं दुकान काढलं तेव्हा त्यासाठी आपल्या फुलांच्या चित्राचे पडदे छापून दिले. हीच फुलं आधी कॅस्टेली गॅलरीत विकली गेली होती. रीव्हा वुल्फ या अभ्यासिकेनं १९९७ च्या आपल्या पुस्तकात वॉरहॉल आणि कवी यांच्यातली ही देवाणघेवाण बारकाईनं मांडली आहे. तिचा भर व्यक्तींमधल्या संबंधांवर आणि कुजबुजीवर आहे. मला त्यातून वेगळं काही दिसतं.

ते असं की पूर्व ४७व्या रस्त्यावरच्या वॉरहॉलच्या जागेला 'फॅक्टरी' म्हणतात, आणि या नावावर समीक्षेनं फार विश्वास ठेवला आहे. यंत्रयुग, सामूहिक उत्पादन, कामगार झालेला कलावंत अशी मांडणी त्या नावावरून केली जाते. प्रत्यक्षात कारखान्यात जे असतं ते तिथे जवळजवळ नव्हतंच. ठरलेली वेळ नव्हती, मालाची तपासणी नव्हती, कुणीही दार ढकलून आत येत होतं, आणि जो आला तो पट्टी ओढायला किंवा कॅमेऱ्यासमोर बसायला लागत होता. हे वर्णन कारखान्याचं नाही, लघुनियतकालिकाच्या कचेरीचं आहे. ज्यांनी अशा कचेऱ्या पाहिल्या आहेत त्यांना ते लगेच ओळखू येईल : लेखक, छपाईवाला, चहा आणणारा आणि पाकिटांवर पत्ते लिहिणारा एकच, आणि अंक निघाला यापेक्षा अंक काढायला जमलो याचं अप्रूप जास्त. वॉरहॉलनं कवींच्या जगातून विचार घेतले नाहीत. घाई घेतली, गर्दी घेतली, सफाईबद्दलची बेफिकिरी घेतली. फरक एवढाच की इथे निघालेला 'अंक' कॅस्टेली गॅलरीत जाऊन विकला जात होता आणि मलांगाला ताशी सव्वा डॉलर मिळत होता. त्या अर्थानं नाव खरंही होतं.

बेफिकिरीचं काय होतं हे पाहायला 'रेस रायट' ही चित्रमालिका घ्यावी. मे १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात निःशस्त्र कृष्णवर्णीय निदर्शकांवर पोलिसांनी कुत्री सोडली. चार्ल्स मूर यानं काढलेली ती छायाचित्रं 'लाइफ' साप्ताहिकात आली. वॉरहॉलनं ती न विचारता उचलली आणि कधी लाल, कधी निळ्या, कधी फिकट जांभळ्या रंगावर छापली. मूरनं दावा केला आणि प्रकरण पुढे आपसात मिटलं. या चित्रांसमोर उभं राहिल्यावर पडद्याची ताकद नाकारता येत नाही. कुत्र्यानं पँटचा कपडा ओढलेला तो क्षण पुनःपुन्हा येतो, शाई दाट झाली की कुत्रा आणि माणूस एकमेकांत मिसळतात, आणि वर्तमानपत्र उलटून टाकणाऱ्या वाचकाला ते थांबवून धरतं. पण नाव वाचा. 'रायट' म्हणजे दंगल. त्या छायाचित्रांत दंगल नाही. एका बाजूला काठ्या आणि कुत्री आहेत, दुसऱ्या बाजूला पाठमोरा, कपडे फाटलेला माणूस आहे. हे नाव पोलिसांच्या नोंदवहीतलं आहे. वॉरहॉलनं ते उपरोधानं वापरलं असं त्याचे चाहते म्हणतात. उपरोधाची एकही खूण चित्रात नाही. तो शब्द त्याला आयता मिळाला आणि त्यानं तो तसाच छापला, एवढंच दिसतं. पॉप आर्टच्या अलिप्ततेचं कौतुक करताना ही किंमत लक्षात घ्यायला हवी. यंत्र निर्विकार असतं हे खरं, पण चित्राखालचा मजकूर यंत्र लिहीत नाही.

गंमत अशी की त्याच चित्रकाराच्या एका निर्विकार कामानं सरकारला अस्वस्थ केलं. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात राज्याच्या मंडपावर लावण्यासाठी त्यानं पोलिसांच्या फरारी गुन्हेगारांच्या यादीतले तेरा चेहरे मोठे करून छापले. काही दिवसांतच त्यांवर चंदेरी रंग फासण्यात आला. ते चेहरे जोवर पोलिसांच्या फलकावर होते तोवर कुणाची तक्रार नव्हती. जागा बदलली आणि चित्र धोकादायक झालं.

जागा बदलली की काय होतं याचं सर्वात समाधान देणारं उदाहरण मला एका जोगिणीत सापडलं. सिस्टर कोरिटा केंट लॉस एंजेलिसच्या इमॅक्युलेट हार्ट कॉलेजात चित्रकला शिकवत होती. १९१८चा जन्म, अठराव्या वर्षी मठात प्रवेश. रेशमी पडद्यावर ती पन्नासच्या दशकापासून काम करत होती, धार्मिक चित्रं, दाट रंगांची, सभ्य आणि थोडी कंटाळवाणी. १९६२ मध्ये तिनं फेरस गॅलरीत ते सूपचे डबे पाहिले. त्यानंतरचं तिचं काम पाहिलं की कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटतं. सुपरमार्केटचे शब्द, पावाच्या वेष्टनावरचे ठिपके, पेट्रोल पंपाच्या पाट्या तिच्या चित्रांत शिरल्या. पावाच्या एका नामांकित ब्रँडच्या वेष्टनावरचे रंगीत ठिपके तिनं घेतले आणि ते प्रसादाच्या भाकरीचे करून टाकले. १९६४ मध्ये तिनं टोमॅटोच्या डब्यावरच्या जाहिरातीची भाषा उचलून ती थेट मेरी मातेला लावली. चर्चच्या वरिष्ठांना ते खुपलं. आपल्या वाचकाला यात नवल वाटू नये. देवाशी सलगीच्या, घरगुती, प्रसंगी टवाळ भाषेत बोलणारी एक मोठी परंपरा वारकऱ्यांनी आपल्याला दिली आहे. पण कॅथलिक लॉस एंजेलिसमध्ये १९६४ साली ते धाडस होतं.

वॉरहॉल आणि कोरिटा यांच्यात कोण मोठा चित्रकार हा वाद मला निरर्थक वाटतो. वॉरहॉल मोठा आहे, त्याच्या रंगांत जो थंडपणा आहे तो कोरिटाला जमला नसता. तिच्या कितीतरी चित्रांत मजकूर अतोनात होतो आणि उपदेश डोकावतो. पण दोघांनी एकच हत्यार हाती घेतलं असताना एक मूलभूत फरक आहे. वॉरहॉलची चित्रं गॅलरीच्या भिंतीकडे निघाली होती. कोरिटाची चित्रं विद्यार्थ्यांच्या हातून स्वस्तात वाटली जात होती, घराघरांत, वसतिगृहांत लागत होती, आणि व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात ती मोर्च्यांच्या फलकांचीच भाषा बोलू लागली. १९६७ च्या नाताळात ती 'न्यूजवीक'च्या मुखपृष्ठावर झळकली. पुढच्या वर्षी तिनं मठ सोडला. स्वस्त तंत्र स्वस्त ठेवणं हा तिच्यासाठी कलेचाच भाग होता. पॉप आर्टच्या इतिहासांत तिला कितीतरी काळ तळटीपेतही जागा नव्हती, त्यात ती बाई होती, जोगीण होती आणि न्यूयॉर्कची नव्हती, ही तिन्ही कारणं आहेतच. पण तिची चित्रं महाग नव्हती हे चौथं कारणही मी त्यात धरते.

पॉप आर्ट आणि हिप्पींची प्रतिसंस्कृती प्रत्यक्ष भेटली, आणि ती भेट फसली. मे १९६६ मध्ये वॉरहॉल आपला 'एक्स्प्लोडिंग प्लास्टिक इनएव्हिटेबल' हा संगीत, चित्रफिती आणि लखलखत्या दिव्यांचा कार्यक्रम आणि व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हे वाद्यवृंद घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात गेला. एका बाजूला काळं कातडं, पांढरा झोत आणि न्यूयॉर्कचा कोरडेपणा, दुसऱ्या बाजूला रंगीत धूसर दिवे आणि विश्वबंधुत्व. दोघांनाही एकमेकांचा तिटकारा आला. त्या कार्यक्रमाचं पोस्टर मात्र वेस विल्सननं केलं, व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरच्या अक्षरवळणावरून घेतलेल्या त्याच्या सुप्रसिद्ध वितळत्या अक्षरांत. ही पोस्टरं ऑफसेटवर छापली जात, खांबांवर चिकटवली जात, आणि चिकटवताच लोक ती काढून घरी नेत. लवकरच ती दुकानांत विकायला आली. हॅमिल्टनच्या यादीतली अखेरची नोंद इथे अशी खरी झाली.

दोन वर्षांनी पॅरिसमध्ये उलटं घडलं. मे १९६८ मध्ये एकोल दे बोझार या कलाशाळेवर विद्यार्थ्यांनी ताबा घेतला आणि तिथल्या छापखान्यात 'आतलिए पॉप्युलेर' सुरू केलं. पहिलं पोस्टर शिळाछपाईचं होतं, पण ते वेळखाऊ. मग ग्वी द रुजमाँ आणि एरिक सेदू यांनी रेशमी पडदा आणला आणि रात्रीत शेकडो प्रती निघू लागल्या. पोस्टरवर सही नाही, विषय सभेत ठरणार, एकच रंग. ही पोस्टरं शोभेसाठी वा संग्रहासाठी नाहीत, त्यांची जागा रस्त्यावर आहे, असं त्यांनी जाहीरच केलं होतं. जूनच्या अखेरीस पोलिसांनी इमारत रिकामी केली. पोस्टरं आज संग्रहालयांतच आहेत, यात त्यांचा दोष नाही.

त्याच जूनमध्ये, ३ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये व्हॅलेरी सोलनासनं वॉरहॉलवर गोळ्या झाडल्या. ही बाई ग्रीनिच व्हिलेजच्या रस्त्यांवर स्वतःचा सायक्लोस्टाइल केलेला जाहीरनामा विकत असे. आपल्या नाटकाचं हस्तलिखित तिनं वॉरहॉलला दिलं होतं आणि ते त्याच्याकडून हरवलं होतं. तिच्या कृत्याचं समर्थन होऊ शकत नाही आणि तिला प्रतीक बनवण्याच्या उद्योगातही मला रस नाही. पण दार ढकलून कुणीही आत यावं अशी ती जागा होती, आणि त्या दारातून स्टेन्सिलवाल्यांच्या जगातलं एक हरवलेलं हस्तलिखितही आत गेलं होतं, हे विसरता येत नाही. त्यानंतर दार बंद झालं. सत्तरच्या दशकात वॉरहॉल श्रीमंतांची व्यक्तिचित्रं मागणीनुसार करू लागला आणि धंदा हीच कला असं उघड म्हणू लागला.

मुंबईचा धागा इथे आपोआप जोडला जातो, आणि तो ॲलन गिन्सबर्गच्या प्रवासानं. १९६२ मध्ये तो मुंबईत होता, अशोक शहाणे, अरुण कोलटकर यांना भेटला. १९६३ मध्ये त्यानं भारत सोडला. १९६४ मध्ये तो वॉरहॉलच्या 'काउच' या चित्रपटात फॅक्टरीच्या कोचावर बसलेला आहे, जॅक केरुआक आणि ग्रेगरी कोर्सो यांच्यासोबत. मुंबईतल्या या मंडळींना स्टेन्सिलची शाई कुणी शिकवायची गरज नव्हती. 'शब्द' १९५४ सालीच सायक्लोस्टाइल होऊन निघालं होतं, म्हणजे न्यूयॉर्कच्या 'सी'च्या नऊ वर्षं आधी. प्रभाव कुणाचा कुणावर हा प्रश्न इथे विचारण्यासारखा राहत नाही. तंत्र स्वस्त असलं की ते प्रभावाशिवायही सुचतं.

कोलटकर जे. जे. मध्ये शिकलेला चित्रकार आणि वॉरहॉलसारखाच जाहिरातीच्या धंद्यातला नावाजलेला माणूस. दोघांना बाजाराची भाषा आतून ठाऊक. पण कोलटकरनं जाहिरात गॅलरीत नेली नाही आणि कविता जाहिरातीत नेली नाही. जाहिरात लाखोंनी छापली जात होती, कविता मित्रांनी काढलेल्या छोट्या आवृत्त्यांत. १९७६ मध्ये 'क्लिअरिंग हाउस'नं 'जेजुरी' काढली, ती कवींनीच चालवलेली प्रकाशनसंस्था होती आणि पुस्तकांची मुखपृष्ठं कोलटकर करत होता. ती मुखपृष्ठं पाहताना जाहिरातीच्या शिस्तीचा हात दिसतो, चलाखी दिसत नाही. ज्याला आपल्याकडचा पहिला पॉप चित्रकार म्हणतात तो भूपेन खख्खर मुंबईचाच, पेशानं चार्टर्ड अकाउंटंट. त्यानं १९६५ मध्ये जहांगीर कलादालनात मांडलेली कोलाजं बाजारातल्या देवदेवतांच्या छापील चित्रांवर बेतलेली होती. त्याच्याकडे सूपचा डबा नव्हता, आणि त्याला त्याची गरजही नव्हती. त्याच्या आधी सत्तर वर्षं रवि वर्मांच्या छापखान्यानं देवघरात बाजार आणून बसवला होता.

त्या काळातले सायक्लोस्टाइल अंक आता हाताळताना जपावं लागतं. कागद पिवळा पडला आहे, पानांच्या कडा झडतात, आणि शाई काही ठिकाणी मागच्या पानावर उतरली आहे, वॉरहॉलच्या उजवीकडच्या चेहऱ्यांसारखी. फेरस गॅलरीच्या अर्व्हिंग ब्लमनं ते बत्तीस डबे हजार डॉलर्सना, तेही हप्त्यांनी, घेतले होते. आज ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत.